आपत्तीनंतर हाताने शिवलेल्या बाहुल्या : द्याव्यात का, कुणाला आणि कशा?

धावदोरा (पुणे)

नमस्कार. आमच्या परिसरात शिवणकाम करणाऱ्या महिलांचा एक छोटा गट आहे. शिंप्यांकडे उरणाऱ्या कापडाच्या तुकड्यांपासून आम्ही बाहुल्या, हत्ती आणि ससे शिवतो. आजवर ती खेळणी अंगणवाड्यांना आणि ओळखीतल्या बारशांना दिली गेली. आता गटातील काही जणींनी असे सुचवले आहे की पावसाळ्यापूर्वीच अशा खेळण्यांचा साठा करून ठेवावा, आणि राज्यात कुठे पूर आला किंवा दरड कोसळली तर निवारा केंद्रांतील मुलांसाठी तो तातडीने पाठवावा. २०१४ मधील माळीण, २०२१ मधील तळीये आणि २०२३ मधील इर्शाळवाडी यांच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या, आणि दर वेळी धान्य व चादरी यांपलीकडे आपल्या हातून काही व्हावे असे वाटत राहिले.

मात्र गटातील एका ज्येष्ठ सभासद बाईंचे मत अगदी उलट आहे. ज्यांचे घर गेले, माणसे गेली, त्यांच्या हातात बाहुली ठेवणे हे जखमेवर फुंकर घालणेही नव्हे, ती निव्वळ आपल्या मनाची समजूत आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. ज्यांनी अशी परिस्थिती जवळून पाहिली आहे किंवा या विषयात काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की अशा खेळण्यांचा खरोखर उपयोग होतो का, झाला तर कोणाला होतो, आणि केवळ लहान मुलांचाच विचार करणे योग्य आहे का.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमचे कुटुंब एका शाळेतील निवारा केंद्रात होते. त्यामुळे या प्रश्नाकडे मी घेणाऱ्याच्या बाजूने पाहू शकतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणालाही खेळणी आठवत नाहीत. पिण्याचे पाणी, कोरडे कपडे, सॅनिटरी पॅड, तान्ह्या मुलांसाठी दूध आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय यांपुढे काही सुचत नाही. त्या काळात खेळण्यांची पोती आली, तर ती ठेवायला जागा नसते आणि ती उघडून वाटायला माणूस नसतो. आमच्याकडे मदतीचा एक ट्रक आला होता, त्यात वापरलेले कपडे आणि तुटकी प्लॅस्टिकची खेळणी एकत्र कोंबलेली होती. पाठवणाऱ्याने घर आवरले असावे, असा आमचा समज झाला. ते सामान वर्गाच्या कोपऱ्यात भिजत पडले आणि शेवटी आम्हालाच ते उचलून टाकावे लागले.

परंतु चौथ्या-पाचव्या दिवसानंतर चित्र बदलते. मोठी माणसे पंचनामे, कागदपत्रे आणि घराच्या चिंतेत गुंतलेली असतात, आणि मुलांकडे पाहायला कुणी उरत नाही. आमच्या वर्गखोलीत एक चार-पाच वर्षांची मुलगी होती. तिच्या मावशीने जुन्या ओढणीला गाठी मारून तिला एक बाहुली करून दिली होती. ती मुलगी तासन्‌तास एकच खेळ खेळत असे. बाहुलीला बाकाखाली झोपवायचे, मग 'पाणी आलं, पाणी आलं' असे ओरडून तिला बाकावर चढवायचे, मग दुसऱ्या बाकावर, आणि शेवटी खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवायचे. आम्ही मोठी माणसे तो खेळ पाहून अस्वस्थ होत होतो आणि तिच्या आजीने तर एकदा बाहुली काढूनही घेतली. मुलगी जेवेना, तेव्हा ती परत द्यावी लागली.

यातून मी कोणताही सिद्धान्त मांडत नाही. एवढेच सांगतो की ती बाहुली बाहेरून आलेली नव्हती, आणि ती बाजारातील बाहुलीपेक्षा देखणी तर मुळीच नव्हती.

बालमन (नाशिक)

मी बालसमुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे वरील प्रतिसादातील खेळाबद्दल प्रथम लिहिते. आपत्तीतून वाचलेली मुले तीच घटना खेळात पुन्हा पुन्हा मांडतात, हे जगभर नोंदवले गेले आहे. भूकंपानंतर ठोकळ्यांची घरे रचून पाडणे आणि पुरानंतर बाहुल्यांना 'वाचवणे' हे त्याचेच प्रकार होत. ज्या गोष्टीपुढे मूल पूर्ण हतबल होते, ती गोष्ट खेळात त्याच्या ताब्यात येते. कोणाला कधी उचलायचे, हे तेथे तेच ठरवते. म्हणून हा खेळ थांबवू नये. मात्र खेळाचा शेवट कधीच बदलत नसेल, बाहुली दर वेळी बुडतच असेल, खेळताना मूल अधिकच घाबरेघुबरे होत असेल, किंवा महिना उलटूनही झोप उडणे, अंथरूण ओले करणे आणि बोलणे बंद होणे अशी लक्षणे राहिली असतील, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. तेथे बाहुली पुरेशी नसते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. या विषयावर एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. २००६ मध्ये लेबनॉन-इस्रायल युद्धाच्या काळात घरे सोडून छावणीत आलेल्या लहान मुलांना इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी एक कापडी कुत्रा दिला. त्याचा चेहरा मुद्दाम दुःखी ठेवलेला होता, आणि मुलाच्या गळ्यात पडून मिठी मारता येईल असे त्याचे हात लांब होते. महत्त्वाची बाब अशी की त्यांनी तो 'हे घे तुला खेळायला' असे म्हणून दिला नाही. हा कुत्रा एरवी आनंदी असतो, पण आता तो घरापासून फार दूर आला आहे, त्याला कुणी मित्र नाही, तू त्याची काळजी घेशील का, असे मुलांना विचारण्यात आले. आधी ७४ मुलांची पाहणी झाली, पुढे युद्धानंतर आणखी १९१ मुलांबरोबर काम झाले, आणि २००८ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना हा कुत्रा मिळाला त्यांच्यातील ताणाची लक्षणे कमी झाली, आणि ज्यांनी त्याची काळजी अधिक मनापासून घेतली त्यांना अधिक फायदा झाला.

या अभ्यासाचा माझ्या कामावर मोठा परिणाम झाला आहे. निवारा केंद्रातील मूल दिवसभर घेणारे असते. रांगेत उभे राहून जेवण घेते, दुसऱ्याने दिलेले कपडे घालते, 'बिच्चारं' हा शब्द ऐकते. त्याला खेळणे देणे म्हणजे त्या यादीत आणखी एक वस्तू घालणे. पण त्याच खेळण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली, तर ते मूल काही काळ तरी सांभाळणारे होते. आपल्याकडील भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न यांत मुले हेच करत आली आहेत, त्यामुळे आपल्या मुलांना ते शिकवावे लागत नाही. मोठ्यांनी फक्त तेवढी जागा आणि वेळ द्यावा लागतो.

आपल्या गटातील ज्येष्ठ बाईंचा आक्षेप मात्र मी हलका मानणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यूटाउन येथील शाळेत गोळीबार होऊन २० मुले आणि ६ प्रौढ व्यक्ती मारल्या गेल्या. त्यानंतर जगभरातून त्या गावात सुमारे ६५,००० टेडी बेअर आले. गावाची लोकसंख्या तीस हजारांच्याही आत होती. ती खेळणी ठेवण्यासाठी गोदामाची व्यवस्था करावी लागली, आणि ती मोजण्यासाठी व वाटण्यासाठी कित्येक स्वयंसेवक राबले. पाठवणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, परंतु त्यातील बहुतेक खेळणी पाठवणाऱ्यांच्या दुःखासाठी होती, गावाच्या गरजेसाठी नव्हती.

नारळीपोफळी (कोची)

नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षे केरळमध्ये आहे. धावदोराताईंनी शेवटी जो प्रश्न विचारला आहे, म्हणजे केवळ मुलांचाच विचार करावा का, त्याबद्दल येथील एक उदाहरण सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मराठीत त्याविषयी फारसे वाचायला मिळाले नाही.

एर्नाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम नावाचे विणकरांचे गाव आहे. तेथील हातमागाच्या पांढऱ्या, काठाच्या साड्या आणि मुंडू (तेथील लुंगीसारखे नेसण्याचे वस्त्र) प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात पेरियार नदीचे पाणी गावात शिरले, तेव्हा ओणम अवघ्या काही दिवसांवर आला होता. विणकर सहकारी संस्थांचा वर्षातील सर्वांत मोठा विक्रीचा हंगाम तोच, त्यामुळे गोदामे तयार मालाने भरलेली होती. पाणी ओसरले तेव्हा माग गाळात रुतलेले होते आणि साड्यांवर चिखलाचे डाग पडले होते. काही माल धुऊन विकता आला, पण डाग न निघणाऱ्या साड्या जाळून टाकण्याचे ठरत होते. पांढऱ्या कापडावरील डाग म्हणजे विणकराच्या दृष्टीने माल संपलाच.

त्या वेळी लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल या दोघांनी ते कापड मागून घेतले. क्लोरीनने निर्जंतुक करून, उकळून त्याच्या चिमुकल्या बाहुल्या करायच्या आणि त्या विकून पैसे विणकरांना द्यायचे, अशी ती कल्पना होती. बाहुलीचे नाव 'चेकुट्टी' ठेवले गेले. तेव्हा जो हिशेब सर्वत्र सांगितला जात होता तो असा : १,३०० ते १,५०० रुपयांना विकल्या जाणाऱ्या एका साडीतून ३६० बाहुल्या होतात, आणि प्रत्येक बाहुली २५ रुपयांना गेली तर एका साडीचे ९,००० रुपये येतात. जाळायला काढलेल्या कापडाला मूळ साडीच्या सहापट किंमत आली, हे ऐकून विणकर स्त्रियांच्या चेहऱ्यांवर काय उमटले असेल, याची कल्पना करावी.

मी एक चेकुट्टी हातात घेऊन पाहिली आहे. ती बोटभर उंचीची असते. कापडाची गुंडाळी करून दोऱ्याने मान बांधलेली, वर केसांची गाठ, आणि तोंडाच्या जागी नुसत्या दोन-तीन रेघा. कडेला काठाचा एक धागा येतो आणि अंगावर तपकिरी डाग असतो. तो डाग लपवलेला नसतो, उलट तोच समोर येईल असे कापड दुमडलेले असते. शिवणकाम न येणाऱ्या माणसालाही ती जमते, म्हणून शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये येथे स्वयंसेवक बसवून हजारोंनी बाहुल्या केल्या गेल्या. खेळणे म्हणून ती फार टिकाऊ नाही, हेही सांगायला हवे. लोक ती पिशवीला आणि गाडीच्या आरशाला लटकवत.

दुसरे उदाहरण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पुदुच्चेरीजवळील ऑरोविल येथील 'उपासना' या वस्त्रसंस्थेच्या उमा प्रजापती यांनी मच्छीमार वस्त्यांतील स्त्रियांना उरलेल्या कापडातून अंगठ्याएवढ्या बाहुल्या शिवायला शिकवले. त्या बाहुलीला 'त्सुनामिका' म्हणतात. ज्या समुद्राने वर्षानुवर्षे पोसले त्याच्याच काठी जाण्याची त्या स्त्रियांना भीती वाटत होती. रोज एका ठिकाणी जमणे, हातांना काम असणे आणि शिवता शिवता जे घडले ते बोलणे, हा त्या उपक्रमाचा गाभा होता. त्सुनामिका विकली जात नाही, ती भेट म्हणूनच दिली जाते. स्त्रियांना मोबदला मिळे तो देणग्यांतून. अशा लाखो बाहुल्या जगभर गेल्या.

या दोन्ही ठिकाणी बाहुली आपत्तीग्रस्तांकडे गेलेली नाही, ती त्यांच्याकडून बाहेर आली आहे. माझ्या मते आपल्या चर्चेत हाच फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. बालमन यांनी मुलांबद्दल जे लिहिले, ते मोठ्यांनाही तंतोतंत लागू पडते. सतत घेत राहणे माणसाला थकवते.

मुक्कामपोस्ट (तोक्यो)

नारळीपोफळी यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर मियागी प्रांतातील हिगाशी-मात्सुशिमा येथे, ओनो रेल्वेस्थानकासमोरच्या तात्पुरत्या घरांत राहणाऱ्या स्त्रियांनी पायमोज्यांपासून माकडे शिवायला सुरुवात केली. त्याला 'ओनो-कुन' म्हणतात, म्हणजे आपल्याकडील 'ओनोबाळ' म्हणा हवे तर. किंमत १,००० येन ठेवली गेली. विकत घेणाऱ्याला ग्राहक न म्हणता पालक म्हणतात, आणि ते माकड घेऊन पुन्हा त्या गावी जाणे हे त्याला 'माहेरी आणणे' मानले जाते. त्यामुळे आपत्ती बातम्यांतून नाहीशी झाल्यावरही लोक तेथे येत राहिले. तात्पुरत्या घरांत एकाकी पडलेल्या वृद्धांचा प्रश्न जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपापासून फार गंभीर मानला जातो, आणि रोज ही माकडे शिवायला एकत्र बसणे हा त्यावरचा एक साधा उपाय ठरला.

मात्र एक धोका नोंदवतो. कनवाळूपणाने घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो. बाहुली आपल्या बळावर आवडावी अशी नसेल, तर दुसऱ्या वर्षी मागणी आटते आणि शिवणाऱ्यांची निराशा होते. ओनो-कुन टिकला, कारण तो चक्रमपणे गोंडस आहे आणि कोणतेही दोन सारखे नसतात.

धावदोरा (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे प्रतिसाद मी गटात वाचून दाखवले. तयार बाहुल्यांचा मोठा साठा करण्याचा विचार आम्ही सोडला आहे. त्याऐवजी बेतलेले कापड, सुई-दोरा आणि भरण असे संच करावेत, आणि गरज पडेल तेव्हा स्थानिक बचत गटाशी बोलून, ते बोलावतील तर आमच्यातील दोघी-तिघींनी तेथे जाऊन बसावे, असे ठरते आहे. अगदी लहान मुलांसाठी थोड्या तयार बाहुल्या सोबत ठेवू. त्यासाठी आता तांत्रिक प्रश्न आहेत. डोळ्यांना आम्ही बटणे लावतो आणि आत कापूस भरतो. हे चालेल का? आणि बाहुलीवर गटाच्या नावाची चिठ्ठी शिवावी का?

उलटीटीप (कोल्हापूर)

बटणे नकोत. तीन वर्षांखालील मूल ते तोडून गिळू शकते, आणि निवारा केंद्रात मोठ्या मुलाला दिलेले खेळणे रांगत्या मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. डोळे, नाक, तोंड सर्व दोऱ्याने भरावे. मणी, टिकल्या, घुंगरू, आरसे यांचाही मोह टाळावा. केसांसाठी लोकरीचे लांब धागे सोडले तर ते बोटाला किंवा गळ्याला गुंडाळले जातात, म्हणून केसही टाक्यांनीच दाखवावेत. शिवण नुसत्या धावदोऱ्याने घालू नये (आपल्या नावाचा आदर राखून सांगते). उलटी टीप घालावी, म्हणजे ओढाताणीत उसवत नाही.

कापूस पावसाळ्यात घातक आहे. एकदा भिजला की आत गोळा होतो, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. आमच्याकडे २०१९ च्या पुरानंतर गाद्या आणि उशा याच कारणाने फेकाव्या लागल्या होत्या. उशांसाठी मिळते ते कृत्रिम फायबर घ्यावे, ते धुता येते आणि लवकर वाळते. तेही नको असेल तर जुन्या सुती-टेरिकॉट कापडाच्या बारीक चिंध्या भराव्यात, परंतु बाहुली वीतभरच ठेवावी, म्हणजे दोरीवर एका दिवसात वाळेल. नवे गडद कापड आधी पाण्याला रंग सुटेनासा होईपर्यंत स्वच्छ धुऊन घ्यावे, नाहीतर लाल रंग मुलाच्या ओठांवर उतरतो.

संचाबद्दल दोन गोष्टी. कापड बेतून द्याल, पण चेहरा छापून देऊ नका. आणि आपल्या पसंतीच्या रंगीत तुकड्यांबरोबर एखादा मोठा कोरा तुकडा ठेवावा, कारण कित्येक बायकांना घरातून वाचलेल्या एखाद्या साडीचा पदर त्यात वापरायचा असतो. आमच्या गल्लीतील एका आजींनी पुरात फाटलेल्या आपल्या इरकलीचा काठ नातीच्या बाहुलीला नेसवला होता. नातीपेक्षा त्याच ती बाहुली जास्त वेळ मांडीवर घेऊन बसत.

पुढे विक्रीचा विचार झाला तर एक नियम माहीत असावा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, मात्र हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे आपत्तीग्रस्त भागातील स्त्रियांची कारागीर म्हणून नोंदणी लवकर करून घ्यावी. ओळखपत्रही मिळते, आणि ज्यांची सर्व कागदपत्रे वाहून गेली त्यांना एक नवा सरकारी कागद हाती असणे फार मोलाचे वाटते.

नावाची चिठ्ठी शिवू नये. मूल ती चघळते, आणि बाहुलीचे नाव ठेवण्याचा हक्क त्याचा आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

उलटीटीप यांच्याशी सहमत. एक भर घालतो. संच घेऊन कधी जावे, असे गटात विचारले गेले तर पंचनामे उरकल्यानंतर जावे. तोपर्यंत कोणतीही बाई निवांत बसणार नाही, कारण तलाठी केव्हा येतील याचा नेम नसतो आणि तेव्हा घरापाशी हजर राहावेच लागते. साधारण तिसऱ्या आठवड्यात बाहेरून येणारे ट्रक बंद होतात, कार्यकर्ते परततात आणि ओल्या भिंतींच्या घरात लोक पुन्हा राहायला जातात. आमच्याकडे सर्वांत जड दिवस तेच होते. येताना सुया जास्त आणाव्यात, त्या हरवतात. आणि चहापत्ती-साखर सोबत ठेवावी, कारण तुम्ही घरी आलात आणि चहा देता आला नाही, याचा संकोच त्या बायकांना घर गेल्याइतकाच होतो.

धावदोरा (पुणे)

नोंद घेतली. कापड धुण्याचे काम रविवारपासून सुरू करतो. कोल्हापूर-सांगली भागातील बचत गटांशी ज्यांची ओळख आहे त्यांनी मला व्यक्तिगत संदेश पाठवावा, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच बोलणे करून ठेवता येईल.